रंग राहू दे, आधी विमानातलं पाणी काढा : बागेच्या कारभाऱ्यांना खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सदस्य आणि बागेच्या सुशोभीकरणाच्या ठरावाला ज्यांनी ज्यांनी हात वर केले त्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

बागेचं नाव, समितीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कोल्हापूर काय एवढं मोठं गाव नाही, ज्याला कळायचं त्याला पहिल्या चार ओळीत कळणार, आणि मला कुणाची बेअब्रू करायची नाहीये. पण बागेत उभ्या असलेल्या जुन्या लढाऊ विमानासाठी तीन अर्ज दिले, तिन्हीची पोच माझ्याकडं आहे, तिन्ही वेळा "बघतो काका" एवढंच उत्तर मिळालं, म्हणून आता चार लोकांच्या समोर बोलायची वेळ आली.

झालं असं की परवा सकाळी नेहमीसारखा चालायला आलो तर विमानाच्या भोवती परांची बांधायचं काम चालू. टेम्पोतनं कॉम्प्रेसर उतरवत होते. त्यातल्या एका पोराला विचारलं बाबा काय चाललंय, तर तो म्हणाला काका सोमवारी ब्लास्टिंग मारायचं, म्हणजे जोरानं वाळू मारून जुना रंग सगळा काढायचा, मग गोल्डन मारायचा आणि वर एलईडीची पट्टी, लई भारी दिसणार, सेल्फी पॉइंट होणार. पोराची काय चूक नाही, त्याला जे सांगितलंय ते तो करतोय. मी तिथंच बाकड्यावर बसलो. नशीब म्हणायचं की त्याच दुपारी वळीव झाला आणि काम थांबलं. परांची अजून तशीच आहे. मध्ये जे चार दिवस मिळालेत त्यात हे पत्र लिहितोय, त्यामुळं इकडचं तिकडं झालं तर सांभाळून घ्या.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर म्हणाल हा कोण उपटसुंभ. मी मूळचा शिरोळ तालुक्यातला. आमच्या भागात सैनिक टाकळीसारखं गाव आहे, तिथं घरटी एक माणूस फौजेत, त्या वाऱ्यानं मीही गेलो. हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो. म्हणजे पायलट नव्हे, लोकांना हवाई दल म्हटलं की पायलटच दिसतो. विमानाचा पत्रा, रिव्हेट, पंख, चाकं, ब्रेक, हायड्रॉलिकच्या नळ्या, हे आमचं काम. सकाळी विमान उडायच्या आधी तपासायचं, फॉर्म ७०० वर सही करायची, मग पायलट सही करून बसायचा. आपल्या सहीवर एक माणूस आकाशात जातोय हे ओझं वीस वर्षं वाहिलं. त्यातली पाच वर्षं तेजपूरला, जिथं नवे पायलट मिगवर तयार व्हायचे. आसामचा पाऊस बघितलेला माणूस आहे मी, ओलीनं विमानाचं काय होतं हे पुस्तकात वाचून सांगत नाहीये. रिटायर झाल्यावर उद्यमनगरात छोटं वर्कशॉप टाकलं, डेंटिंग पेंटिंग आणि फॅब्रिकेशनचं, आता मुलगा बघतो. म्हणजे रंग काय असतो, ब्लास्टिंग काय असतं, हेही मला कळतं. दोन्ही बाजूनं कळतं म्हणून जास्त त्रास होतोय.

आता तुमच्या ताब्यात जे आहे ते काय आहे, ते बघूया. तुमच्या बोर्डावर लिहिलंय "मिग २७" आणि खाली "१९६५ च्या युद्धात पराक्रम गाजवलेले". दोन्ही चूक. हे मिग २१ आहे, त्यातलं एफएल मॉडेल, आम्ही त्याला टाइप सेव्हन्टी सेव्हन म्हणायचो. ओळखायचं कसं? पाठीचा कणा बारीक आहे, पुढच्या मॉडेलला तो जाड झाला. पंखाखाली सामान लटकवायच्या जागा दोनच आहेत, पुढच्याला चार. कॅनपी, म्हणजे डोक्यावरची काच, पुढच्या बाजूला बिजागरी असलेली. आणि अंगातच बसवलेली तोफ नाही, लागलीच तर पोटाखाली तोफेचा वेगळा डबा, म्हणजे पॉड, लावायचा. ६५ च्या लढाईत आपल्याकडं मिग २१ मोजकीच होती आणि ती आधीच्या मॉडेलची. टाइप ७७ चा खरा मान ७१ चा. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात गव्हर्नर हाऊसवर रॉकेटं टाकली ती मिग २१ विमानांनी, आणि दोन दिवसांनी शरणागती झाली. बोर्ड लिहिताना कुणा एका रिटायर्ड माणसाला फोन केला असता तरी हे कळलं असतं. जिल्ह्यात माजी सैनिकांची काय कमी आहे होय?

आणि हे विमान परक्या देशातनं आलेलं खेळणं नाही. डिझाइन रशियाचं, खरं आहे, पण टाइप ७७ मोठ्या संख्येनं बनली ती आपल्या नाशिकजवळच्या ओझरला, एचएएलच्या, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या, कारखान्यात. इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला आणि सांगाडा ओझरला. मराठी पोरांनी मारलेले रिव्हेट आहेत त्यात. १९६३ ला पहिलं मिग २१ हवाई दलात आलं, टाइप ७७ डिसेंबर २०१३ ला कलाईकुंड्याला निवृत्त झालं आणि उरलेल्या शेवटच्या मिग २१ ला २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निरोप दिला. बासष्ट वर्षं. मधल्या काळात त्याला लोकांनी उडती शवपेटी म्हटलं, पेपरात यायचं, आम्हाला वाचून वाईट वाटायचं, पण खोटं तरी कसं म्हणू, आपली किती तरुण पोरं त्यात गेली. त्यामुळं हे विमान बघितलं की मला अभिमान आणि जड असं दोन्ही एकदम वाटतं. त्याला सोन्याचा मुलामा देऊन गणपतीच्या मांडवासारखं करायचं म्हटलं की कसं वाटत असेल, तुम्हीच सांगा.

आता तक्रारी. एकेक करून मांडतो, राग धरू नका.

पहिली तक्रार नंबरची. शेपटीवर नंबर असतो, टाइप ७७ चा "सी" पासून सुरू होणारा. मागच्या वेळी जो ऑइल पेंट मारला त्यात तो झाकून टाकला आणि वर हौसेनं तिरंग्याचा पट्टा ओढला. चाकाच्या खोबणीत कंपनीची प्लेट असते, ती कुणीतरी उचकटून नेलीय, चार रिव्हेटची भोकं तेवढी शिल्लक. नंबर गेला म्हणजे काय गेलं हे बाहेरच्याला कळत नाही. नंबरवरनंच कळतं की विमान कधी बनलं, कुठल्या स्क्वाड्रनला होतं, ७१ ला कुठं होतं. माझ्याकडं एक जुनी खिशातली वही आहे, तेजपूरच्या दिवसातली, त्यात मी ज्या ज्या विमानांवर काम केलं त्यांचे नंबर लिहिलेत. गेली सात वर्षं मी रोज सकाळी या विमानाला फेरी मारतो आणि हे माझ्या हाताखालनं गेलेलं आहे का नाही ते मला माहीत नाही. रंगाच्या खाली नंबर असेल. नखानं खरवडून बघायचा मोह लई वेळा झाला, पण केलं नाही, कारण ते करायची एक पद्धत असते, ती पुढं सांगतो.

दुसरी, आणि ही सगळ्यात मोठी, पाण्याची. विमानाच्या पोटाला, पंखाच्या खालच्या अंगाला बारीक बारीक भोकं असतात, आत साठलेलं पाणी निथळून जावं म्हणून. मागच्या रंगकामात पेंटरनं काय केलं, भोकं दिसतात म्हणून सगळ्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि वर रंग मारून गुळगुळीत करून टाकलं. त्याला वाटलं काम सफाईदार झालं. आता पाऊस वरनं जोडातनं, उघड्या झाकणातनं आत जातो आणि बाहेर यायला वाट नाही. मे महिन्यात जाऊन पंखाखाली बोटाच्या पेरानं टकटक करून बघा, भरलेल्या डब्यासारखा आवाज येतो. कडकडीत उन्हाळ्यात! म्हणजे मागच्या पावसाळ्याचं पाणी आहे ते. लोखंड गंजलं की लाल होतं, लगेच दिसतं, सगळे ओरडतात. ॲल्युमिनियमचं तसं नाही, ते आतनं पांढरं पीठ होतं, मग पत्र्याचे पापुद्रे सुटतात, खारीसारखे, हो खारीबिस्किटच, आणि वरनं रंग छान चमकत असतो. एक दिवस मूल पंखाला लोंबकळेल आणि पंखाची कड हातात येईल. हे मी घाबरवायला सांगत नाही.

आत कबुतरांनी घरटी केलीत ते वेगळंच. पुढच्या तोंडातनं जातात, त्यांची विष्ठा ओली झाली की पत्रा खाते. तिथं साधी जाळी लावायची, वीस मिनिटांचं काम.

तिसरी तक्रार लोखंडाची. फोटो काढायला म्हणून डाव्या बाजूनं एमएस, म्हणजे लोखंडी, अँगलची शिडी केलीय, ती थेट विमानाच्या अंगात भोकं पाडून बोल्टनं आवळलीय. मध्ये रबर नाही, वॉशर नाही, काय नाही. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकाला चिकटून आणि मध्ये पावसाचं पाणी, म्हणजे बॅटरीच झाली की हो, आणि त्या बॅटरीत झिजतं ते ॲल्युमिनियम. उद्यमनगरातला कुठलाही मेस्त्री हे सांगेल. आता एलईडी पट्टीसाठी पंखाच्या कडेनं सेल्फ ड्रिलिंग स्क्रू मारायचे ठरलंय म्हणे. कडेनं किती स्क्रू बसतील त्याचा मी अंदाज केला आणि सोडून दिला, झोप येईना.

चौथी काचेची. कॅनपी काच नसते, ॲक्रिलिक असतं. मागच्या पेंटरनं त्यावर उडालेला रंग थिनरनं पुसला. ॲक्रिलिकला थिनर लागला की जाळीसारख्या बारीक भेगा पडतात, त्या परत जात नाहीत. आता ती दुधी झालीय, आतलं दिसत नाही, म्हणून लोकांना वाटतं आत काही नाहीच. परवा एक बारकं पोरगं आईला म्हणत होतं, "मम्मे, हे फायबरचं हाय, खोटं हाय." खरोखरच्या विमानाला आपण खोटं दिसायला लावलंय. आत थोडी घड्याळं, म्हणजे डायल, अजून शिल्लक असावीत, बाकीची गेली. ज्यांनी नेली असतील त्यांच्यासाठी एक सांगतो, जुन्या डायलच्या काट्यांना अंधारात दिसावं म्हणून रेडियमचा रंग लावायचे. काच फोडून तो खरवडायचा खेळ करू नका आणि घरात बारक्या पोरांच्या हातात देऊ नका. आणून दिलीत तर कुणी नाव विचारणार नाही, तेवढी हमी मी देतो.

टायरचं थोडक्यात सांगतो, बसलेत, रबर फाटलंय, सगळं वजन रिमवर आलंय. जॅकिंग पॉइंटखाली स्टँड द्यायला पाहिजेत. झालं.

आणि पाचवी तक्रार सोमवारची. ब्लास्टिंगची.

आपल्या गावात फाउंड्री घरोघरी. शिरोली, गोकुळ शिरगावला कास्टिंग साच्यातनं काढलं की शॉट ब्लास्ट, म्हणजे बारीक लोखंडी छर्रे, मारतात, वाळू निघते, ओतीव लोखंड स्वच्छ होतं. ते लोखंड बोटभर जाड असतं. विमानाचा पत्रा बऱ्याच ठिकाणी दोन मिलिमीटर पण नाही. आणि तो नुसता पत्रा नाही. आतला मिश्रधातू तांबं घातलेला, ताकदीचा पण लवकर खराब होणारा, म्हणून त्याच्या दोन्ही अंगाला शुद्ध ॲल्युमिनियमचा कागदासारखा पातळ थर कारखान्यातच दाबून बसवलेला असतो. त्या थरानं हा पत्रा पन्नास वर्षं टिकलाय. तुम्ही सोमवारी जी वाळू मारणार ती रंगाबरोबर तो थरही घेऊन जाणार. मग वर गोल्डन मारा नाहीतर खरं सोनं मारा, आतला धातू उघडा पडला तो पडलाच, परत तो थर चढवायचं मशीन उद्यमनगरात नाही आणि कुठंच नाही. शिवाय जुन्या प्रायमरमध्ये झिंक क्रोमेट असतं, हिरवट पिवळा रंग असतो बघा तो. त्याची धूळ छातीत गेली तर कॅन्सरचा धोका. ती पोरं रुमाल बांधून काम करणार, बागेत शेजारी झोपाळे आहेत, तिथं बारकी पोरं. याचा विचार ठरावात कुठं आहे का? मी ठरावाची कॉपी वाचली. "आकर्षक" हा शब्द सहा वेळा आहे. "विमान" चार वेळा.

अजून एक. जुन्या गाडीचा मूळ रंग कुठला होता ते बघायचं असेल तर आम्ही दाराच्या आतल्या अंगाला रुपयाएवढ्या जागेत बारीक पॉलिश पेपरनं पाणी लावून हळूहळू घासतो, एकेक थर उघडत जातो, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखं दिसतं. विमानाचंही तसंच करतात. टाइप ७७ पहिल्यांदा चांदीसारखी उघड्या धातूची होती, ७१ च्या वेळी घाईत कॅमफ्लाज मारलं, पुढं अजून रंग बदलले. ते सगळे थर आज त्या विमानावर एकावर एक बसलेले असतील, नंबरही त्यातच कुठंतरी. तो त्याचा सातबारा आहे म्हणा ना. सोमवारी दोन तासात तो वाळूनं उडून जाणार.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. काका, बजेट कुठाय? आणि लोकांना चकचकीत पाहिजे असतं. बजेटचं सांगतो, मी जे मागतोय ते तुमच्या गोल्डन आणि एलईडीपेक्षा स्वस्त आहे. भोकं उघडायला एक ड्रिल बिट आणि दोन दुपारी लागतात. आणि मी काही त्याला उडवा म्हणत नाहीये. जुनी विमानं परत उडवणारी माणसं जगात आहेत, आपल्यातही आहेत. परशुराम नावाचं डाकोटा आठवतंय का, तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी आयर्लंडमध्ये भंगारात पडलेलं शोधलं, इंग्लंडमध्ये दुरुस्त करून घेतलं आणि २०१८ ला ते उडत उडत भारतात आलं. त्यांचे वडील डाकोटाचे पायलट होते. त्याच्यावर व्हीपी ९०५ नंबर घातलाय, कारण २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला सैन्य घेऊन उतरलेल्या डाकोटाचा तो नंबर. बघा, त्यांनाही नंबरचीच किंमत. पण तो खर्च, ते काम आपल्या आवाक्यातलं नाही आणि त्याची गरजही नाही. आपलं विमान जमिनीवरच राहणार. ते कोरडं राहिलं पाहिजे आणि खरं राहिलं पाहिजे, बास.

आपली माणसं या कामात कधी कमी नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर कानपूरला बी २४ लिबरेटर बॉम्बर विमानं टाकून दिलेली होती, परत कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड केलेली. एचएएलच्या लोकांनी त्यातनं जोडजोडून उडण्यालायक विमानं तयार केली, आणि हवाई दलानं ती १९६८ पर्यंत वापरली, पुण्याला सहा नंबरच्या स्क्वाड्रनकडं पण होती. पुढं जगभरातल्या म्युझियमना लिबरेटर पाहिजे झालं तेव्हा ते भारताकडं मागायला आले, लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये जे उभं आहे ते आपण दिलेलं. भंगारातनं उभं केलेलं दुसऱ्याला देण्याइतकं चांगलं ठेवलं आपण. आणि दुसऱ्या बाजूला जुन्या विक्रांत युद्धनौकेचं काय झालं तेही आपणच बघितलं. १९९७ ला निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षं म्युझियम म्हणून होती, मग धोकादायक म्हणून बंद, २०१४ ला भंगारात. नंतर तिचं लोखंड मोटरसायकलच्या टाकीत घातलं म्हणून जाहिरात आली तेव्हा आमच्या वर्कशॉपात तशी एक गाडी आली होती, डेंट काढायला. मी मुलाला म्हटलं ही तू कर.

आणि कोल्हापूरला जुनं सांभाळायची रीत मी शिकवायची का? ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उकरताना पोसायडनची छोटीशी कांस्यमूर्ती सापडली, टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे, आपण तिला सोनेरी ऑइल पेंट मारला का? अंबाबाईच्या मूर्तीच्या संवर्धनाचा विषय निघाला तेव्हा पुरातत्त्व खात्याचे तज्ज्ञ आले, गावभर चर्चा झाली, वाद झाले, आणि व्हायलाच पाहिजेत. केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं त्या रात्री मी पण गेलो होतो, शाहू महाराजांच्या काळातली वास्तू, मोठमोठी माणसं रस्त्यावर उभं राहून रडत होती. आगीचं सगळ्यांना दिसतं, पाण्यानं आतनं कुजतंय ते कुणाला दिसत नाही, एवढाच फरक आहे या विमानात आणि त्यात. मी देवीची आणि विमानाची बरोबरी करत नाही हां, कुणी तसा अर्थ काढू नका, पद्धतीबद्दल बोलतोय. हात लावायच्या आधी जाणकाराला विचारायचं, ही पद्धत.

तर मागण्या. साध्या आहेत.

सोमवारचं ब्लास्टिंग रद्द करा. पुढं ढकला नव्हे, रद्द. विमानावर वाळू, शॉट, ग्राइंडर, वायर ब्रश यातलं काहीही चालणार नाही असं ठरावात लिहा.

पावसाळ्याच्या आत पाण्याची भोकं उघडा, तोंडाला आणि मागच्या नळीला जाळी बसवा, एमएस शिडी काढून ती जमिनीवर वेगळी उभी करा, विमानाला न टेकता. लोकांना फोटो काढू दे की, माझी ना नाही, पण शेजारी उभं राहून. एलईडी पाहिजेच असेल तर जमिनीतनं वर फोकस मारा, अंगात स्क्रू नको.

हवाई दलाला पत्र लिहा, विमान त्यांच्याकडनंच आलंय. मूळ नंबर, इतिहास आणि विमान देताना केलेले कागद मागवा. सीटमधली, पायलटला बाहेर फेकणारी स्फोटकं काढूनच देतात, पण तो कागद फाइलला आहे का ते बघा. माझ्या अर्जाला जे उत्तर दिलं त्यावरनं वाटतंय की फाइलच कुणाला सापडत नाहीये.

नंबर आला की बोर्ड बदला. मराठीत नीट लिहा, मी मजकूर फुकट लिहून देतो, तपासायला दोन जुने सार्जंट पण देतो.

वर छप्पर. हे लगेच होणार नाही हे मला कळतं. साधं पत्र्याचं शेड, चारी बाजूनं वारा खेळता. उरलेले पैसे तिकडं वळवा. प्लास्टिकची ताडपत्री गुंडाळून ठेवू नका, आत घाम धरतो, उघड्यापेक्षा वाईट.

आणि शेवटी रंग. हो, रंग पण पाहिजे, मी रंगाच्या विरोधात नाही, रंगावरच पोट भरलंय माझं. पण आधी धुणं, वाळवणं, कुजलेल्या जागा साफ करून बुजवणं, ॲल्युमिनियमला चालणारा प्रायमर, आणि मग ज्या वर्षीचा तो असेल त्या वर्षीचा खरा रंग. सोनेरी मिग मी तरी कुठल्याच स्क्वाड्रनला बघितला नाही.

माणसं कुठनं आणायची म्हणाल तर उद्यमनगरात या. हे म्हादबा मेस्त्रींचं गाव आहे, बाबुराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा बनवला ते गाव आहे, इथं पत्रा, रिव्हेट, फिटिंग जाणणाऱ्या हातांची कमी नाही. मी आतापर्यंत अकरा जणांशी बोललोय, त्यात चौघं हवाई दलातले, एक आयटीआयचे रिटायर्ड मास्तर. मजुरी नको. सामान आम्ही वर्गणी काढून आणू, तुमच्याकडनं फक्त लेखी परवानगी आणि नळाची चावी पाहिजे. आमच्यावर विश्वास नसेल तर तज्ज्ञ आणा, त्यांच्या हाताखाली काम करू, वीस वर्षं तेच केलंय. मिग २१ आता आपल्या हवाई दलातनं निवृत्त झालीत, अजून गावागावांत चौकात उभी राहतील, बाकीचे विचारतील कोल्हापूरनं कसं ठेवलंय. त्यांना दाखवायला काहीतरी पाहिजे ना.

या रविवारी सकाळी सात वाजता मी बागेत असणार आहे. मोर्चा नाही, घोषणा नाही, बादली आणि सुती फडकी घेऊन. समितीतल्या कुणीही यावं, पंखाखाली टकटक करून स्वतः आवाज ऐकावा, चहा माझ्याकडनं.

आपला नम्र,
एक माजी एअरफ्रेम फिटर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

ता. क. : शिडीचा वरचा अँगल डाव्या पंखाच्या मुळाशी घासतोय, वारा आला की कुरकुर वाजतं. बाकीचं सगळं मीटिंगमध्ये ठरू दे, पण तेवढा एक बोल्ट उद्याच्या उद्या सैल करा. १९ चा पाना लागतो. माळीमामांकडं मी देऊन ठेवलाय.